ज्याला लागलं त्यानं सांगायचं

वामनराव खापरे आमच्या ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते आणि रविवारी सेनापती. या दोन नोकऱ्यांपैकी खरी कुठली आणि पोटासाठी कुठली, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सोमवारी सकाळी टेबलाशी येऊन बसले की ते खरचटलेल्या कोपरावर फुंकर घालत पेन्सिलीला टोक करायचे, आणि ते टोक होईपर्यंत त्यांच्याशी कुणी धरणाबद्दल बोलायचं नाही असा संकेत होता.

ऑफिस पाटबंधाऱ्याचं, नागपूरला सदरमध्ये. सत्तरचं दशक संपता संपता मी तिथं ट्रेसर म्हणून लागले. ड्राफ्ट्समननं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तोच नकाशा शाईनं पुन्हा काढायचा, हे ट्रेसरचं काम. पहिल्याच आठवड्यात वामनरावांनी माझ्यापुढे एक नकाशा टाकला आणि बाकीचं बाजूला ठेवून हा आधी कर म्हणाले. उत्तर दिशा, प्रमाण, चढउतार दाखवणाऱ्या रेषा, सगळं जागच्या जागी होतं. फक्त गावांच्या नावांऐवजी ‘मोठे साडू’, ‘धाकटे साडू’, ‘सासूबाई’ असं लिहिलेलं. हे कुठलं धरण, असं मी भीत भीत विचारलं.

“धरण नाही वं,” ते म्हणाले. “रविवारची लढाई आहे.”

हिंगण्याच्या रस्त्याला खात्याचं स्टोअर यार्ड होतं. तिथं कालव्यासाठी आणलेले सिमेंटचे मोठमोठे पाईप वर्षानुवर्षं पडून होते. कालवा व्हायचा तेव्हा होईल, तोवर पाईप वाया जाऊ नयेत अशी वामनरावांची भूमिका होती. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी ऑफिसातली पंधरा-वीस मोठी, लग्न झालेली, पेन्शनीकडे वाटचाल करणारी माणसं तिथं जमायची आणि दोन तट पाडून एकमेकांवर खेळण्यातल्या बंदुकांनी गोळ्या झाडायची. लपायच्या प्रत्येक पाईपाला वामनरावांनी नातेवाइकाचं नाव दिलं होतं. सगळ्यात जाडा तो मोठे साडू. तडा गेलेला आणि आत शिरलं की आवाज घुमणारा तो सासूबाई. त्यांच्या पत्नी शांताबाई यावर काही बोलत नसत, पण पोहे वाढताना वामनरावांच्या पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा पडायचा नाही.

बंदुका इतवारीच्या बाजारातल्या. पत्र्याची नळी, आत स्प्रिंग, तोंडाला दोरीनं बांधलेलं बूच. चाप ओढला की बूच ‘फट्’ करून दोरीच्या टोकाशी लोंबकळायचं. वामनरावांनी दोरी कापली, बूच फेकलं आणि त्या जागी फोमचा बाण आणला. त्यांचा साळा हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टला होता. तिथं स्कूटरच्या सीटा बनत, आणि फोमचे उरलेले तुकडे तो पिशवी भरून आणून द्यायचा. वामनराव चामड्याला भोकं पाडायच्या पंचानं त्यातून बोटभर लांबीच्या गोल कांड्या काढायचे आणि वजनासाठी पुढच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची टिकली पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायचे. लागला तर कळावं, पण दुखू नये, असा तो बाण. त्याचं वजन आणि मऊपणा जमवायला त्यांनी जेवढा वेळ घालवला तेवढा खात्यातल्या कुठल्याच बांधावर घालवला नसेल, आणि हे ते स्वतःच सांगत.

नियम एकच होता. पंच नाही, शिट्टी नाही. ज्याला बाण लागला त्यानं स्वतः मोठ्यानं सांगायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. दुसऱ्यानं सांगायचं नाही. समोरच्यानं तर मुळीच नाही.

सुरुवातीला सांगायचा शब्द होता ‘मेलो’. पण यार्डाच्या कडेला निंबाच्या झाडाखाली शांताबाई, मी आणि आणखी दोघीतिघी पोह्यांचं पातेलं घेऊन बसायचो, आणि रविवारच्या शुभ सकाळी एकेकीचा नवरा ‘मेलो, मेलो’ करत हात वर करून बाहेर यायचा. शांताबाईंनी दोन रविवार ऐकून घेतलं. तिसऱ्या रविवारी पातेल्यावर झाकण ठेवून त्या उभ्या राहिल्या.

“कुंकवाच्या बायका इथं बसून राहिल्या अन् तुमी मेलो मेलो ओरडून राहिले,” त्या म्हणाल्या. “दुसरा शब्द काढा, नाही तर पोहे बंद.”

सेनापतींनी जागच्या जागी शरणागती पत्करली. तेव्हापासून शब्द झाला ‘लागलं’.

एकदा हिशेबखात्यातल्या कुणीतरी सुचवलं की बाणाला गुलाल लावावा. कपड्यावर डाग पडला की वादच नको. सूचना शहाणपणाची होती, म्हणून बहुतेकांना पटली. वामनरावांना इतका राग आलेला मी पहिल्यांदा पाहिला. डाग दिसला म्हणून कबूल करायचं असेल तर ते चोरही करतो, असं ते म्हणाले. मग हळू आवाजात, ऑफिसच्या गुप्त फाईलमधलं काही सांगावं तसं, म्हणाले, “कोणी पाह्यलं नसताना माणूस ‘लागलं’ म्हणते ना, त्याच्यासाठीच तर हे सारं आहे गा.” त्यानंतर गुलालाचं नाव कुणी काढलं नाही.

नियमापुढे ते कुणालाच मोजत नसत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऑफिसात त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांनी नुसती घंटी वाजवली तरी वामनराव दोन्ही कानांवरच्या पेन्सिली काढून खिशात ठेवायचे, केबिनमध्ये जाऊन ‘हो साहेब’ एवढंच म्हणायचे आणि बाहेर येऊन आम्हाला विचारायचे की साहेब काय म्हणाले असतील. असे हे साहेब एका रविवारी कुणाच्या तरी तक्रारीवरून जीप घेऊन थेट यार्डात आले. खात्याच्या मालमत्तेत काय चाललंय हे पाहायला ते दोन पावलं आत आले असतील नसतील, तेवढ्यात धाकट्या साडूच्या आतून सुटलेला एक बाण त्यांच्या हॅटवर बसला. माणसं जिथं होती तिथंच पाईपांत मिटून राहिली. वामनराव मात्र बाहेर आले, धूळ झटकली आणि साहेबांपुढे ताठ उभे राहिले.

“साहेब, इथं ज्याला लागलं त्यानं स्वतः सांगायचं असते,” ते म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हॅट काढून हॅटकडे पाहिलं, आणि म्हणाले, “लागलं.” मग मुकाट्यानं निंबाखाली येऊन बसले. शांताबाईंनी त्यांना पोहे दिले, वर तर्री घालून. पुढच्या रविवारी साहेब स्वतःची बंदूक घेऊन आले. वामनराव सोमवारी पुन्हा त्यांच्या केबिनबाहेर घाम पुसत उभे होते, ते सोडा.

दुसऱ्या तटाचे सेनापती देशकर, हिशेबखात्याचे सुपरिटेंडेंट. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुरात आले होते आणि त्यांची तलवार अजून घरी माळ्यावर होती. ती कुणी पाहिली नव्हती, कारण माळ्यावर चढणं देशकरांना झेपत नव्हतं. एवढ्या लढवय्या घराण्यातला माणूस लढाईत पहिल्या पाच मिनिटांत बाद व्हायचा. बाण अंगावरून गेला तरी, कधी कधी तर बाण सुटल्याचा नुसता आवाज आला तरी, देशकर ‘लागलं’ म्हणून मोकळे होत आणि पोह्यांच्या दिशेनं निघत. एकदा ते मोठ्या साडूत शिरताना पोटाशी अडकले. दोन्ही तटांनी युद्ध थांबवून एकानं पुढून, एकानं मागून ओढून त्यांना मोकळं केलं. पाईपातून बाहेर आल्या आल्या ते म्हणाले, “लागलं.” कुणीही बंदूक चालवली नव्हती.

वामनराव आणि देशकर एकाच दिवशी नोकरीला लागलेले. दोघांचे डबे एकत्र उघडत, दोघं एकमेकांच्या भाजीला नावं ठेवत, आणि ती संपवत. वामनराव त्यांना ‘भोसल्यांची फौज’ म्हणायचे. देशकर म्हणायचे, “अरे वामन, तू नकाशे काढत राहा. इतिहास आमच्याकडे आहे.”

तर त्या वर्षीच्या थंडीतल्या शेवटच्या रविवारी काय झालं, की देशकर बाद झालेच नाहीत. कसे कोण जाणे, पण त्यांच्या तटातले सगळे निंबाखाली येऊन बसले आणि आत एकटे देशकर उरले. समोर एकटे वामनराव. बाहेर बसलेल्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. देशकर सासूबाईच्या आडोशाला शर्टाच्या बाह्या वर सारून बसले होते. त्यांचा डावा कोपर बाहेर राहिला होता आणि ते त्यांना कळत नव्हतं. वामनरावांनी पलीकडून नेम धरला आणि बाण सोडला. पातेल्यापाशी मी आणि शांताबाई दोघीच होतो, आणि तिथूनच तेवढा तो कोपर दिसत होता. शांताबाई पातेल्यात वाकल्या होत्या. मी पाहत होते. बाण कोपराच्या थोडा वर, नेमका दंडाच्या मागच्या बाजूला लागला आणि खाली पडला.

देशकर बसून राहिले. मग, आपल्यावर कुणी बाण सोडलाच नाही अशा थाटात, ते उठले, पाईपाला वळसा घालून आले आणि सेनापतींच्या छातीवर बाण मारला. वामनराव म्हणाले, “लागलं.” नियम तो नियम. देशकरांच्या तटानं एकच जल्लोष केला, कुणीतरी देशकरांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न करून सोडून दिला. आणि त्या गडबडीत वामनरावांनी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचा नियम मोडला.

“देशकर,” ते म्हणाले, “लागलं होतं ना गा तुले?”

देशकर हसत होते ते थांबले. नाही म्हणाले. वामनरावांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. देशकरांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या मुलीची, सुलभाची शपथ घेतली. सुलभाचं लग्न अमरावतीच्या एका घरी जुळत आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. इतर कुणी बाण लागताना पाहिला नव्हता. पण वामनराव खोटं बोलत नाहीत हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे खोटं कोण बोललं हे सांगायची गरज उरली नाही. खेळण्यातल्या बंदुकीसाठी देशकरांनी पोरीची खोटी शपथ घेतली, असं माणसं हळू आवाजात बोलत घरी गेली. देशकर पोहे न खाता गेले.

सोमवारी हिशेबखात्यात कुणी त्यांच्याशी धड बोलेना. वामनरावांनी डबा उघडला नाही. पेन्सिलीला टोक करत बसले आणि टोक तुटत राहिलं. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. देशकर खोटं बोलणारा माणूस नाही, असं ते म्हणाले. जो न लागताच ‘लागलं’ म्हणतो तो लागल्यावर नाही कसं म्हणेल? मी म्हटलं, पण मी स्वतः पाहिलं. ते म्हणाले, म्यापण पाह्यलं. मग त्यांनी माझ्याकडे एक विचित्र मागणी केली. चहाच्या वेळी मी देशकरांना बोलण्यात गुंतवायचं.

मी गुंतवलं. सुलभाच्या लग्नाची साडी कुठं घेणार, एवढं विचारलं की देशकरांना दुसरं काही लागत नसे. ते रविवारचं दुःख विसरले आणि बाह्या वर सारून बोलायला लागले. त्यांच्या मागे वामनराव बशीतला चहा फुंकत उभे होते. त्यांनी खिशातून फोमचा बाण काढला आणि देशकरांच्या उजव्या कोपराला हळूच टेकवला. देशकरांनी माशी हाकलावी तसा हात झटकला. मला हसू आलं. मला वाटलं, समेटाची थट्टा चालली आहे. मग वामनरावांनी तोच बाण डाव्या दंडाला, मागून, कोपराच्या वर टेकवला. टेकवून ठेवला. देशकर पैठणीबद्दल बोलत होते. ते बोलतच राहिले. तिथं त्यांच्या कातडीवर रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता, आपण शिबं म्हणून सोडून देतो तसा.

वामनरावांनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. ते बाहेर गेले. थोड्या वेळानं मी गेले तर ते जिन्यात उभे होते.

“बाण लागला वं त्याले,” ते म्हणाले. “पण त्याले लागलं नाही.”

विदर्भातल्या माणसाला त्या चट्ट्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बधिर चट्टा म्हटलं की त्या काळी घरातली मोठी माणसं आवाज खाली करत. वामनरावांनी मला एवढंच सांगितलं, की तू काही पाहिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, आणि आपल्याच अंगाला खाज सुटली आहे, एकट्याला डॉक्टरची भीती वाटते, असं सांगून देशकरांना सोबत म्हणून धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. दवाखान्यात आत गेल्यावर रोगी कोण हे देशकरांना कळलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले, आणि कापसाचा धागा जिथं टेकेल तिथं बोट ठेवा म्हणाले. देशकर डोळे मिटून बसले. डॉक्टर त्या चट्ट्यावर कापूस टेकवत होते आणि देशकर वाट पाहत होते. हे मला वामनरावांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना ते रडले.

डॉक्टर म्हणाले की फार लवकर कळलं, गोळ्यांनी पूर्ण जाईल, हातालाही काही होणार नाही, घरच्यांनाही भीती नाही. देशकरांनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी फक्त रोगाचं नाव ऐकलं. बाहेर आल्यावर त्यांनी वामनरावांचा हात धरला. हे अमरावतीला कळलं तर सुलभाचं लग्न मोडेल आणि पुन्हा जुळणार नाही. लोकांना मला खोटारडा म्हणू दे, असं ते म्हणाले. खोटारड्याच्या मुलीचं लग्न तरी होतं.

वामनरावांपुढे आता पेच होता. मित्राचं नाव धुवायचं तर रोग सांगावा लागत होता. रोग लपवायचा तर तो जन्मभर पोरीची खोटी शपथ घेणारा म्हणून ओळखला जाणार. आणि हे सगळं झालं होतं त्यांनी स्वतःचा नियम मोडून तोंड उघडलं म्हणून. ज्याला लागलं त्यानं सांगायचं होतं.

त्या रविवारी लढाई नव्हती, तरी त्यांनी सगळ्यांना यार्डात बोलावलं. साहेबसुद्धा आले. वामनरावांनी भाषण केलं नाही. पाईपाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी माहा बाण देशकरले लागला नव्हता. बाजूनं गेला. म्या पाह्यलं होतं. जिंकाची घाई झाली अन् खोटं बोललो.”

मी निंबाखाली होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हिशेबखात्यानं देशकरांच्या पाठीवर थापा मारल्या. देशकर जमिनीकडे पाहत होते. पाहणाऱ्याला वाटलं असेल की भला माणूस, जिंकूनही लाजतो आहे.

सुलभाचं लग्न झालं. पंक्तीत वामनराव वाढायला होते आणि देशकरांच्या व्याह्यांना त्यांनी जिलेब्या वाढून बेजार केलं. देशकरांच्या गोळ्या बराच काळ चालल्या. त्या वामनरावच आणत, स्वतःच्या पित्ताच्या म्हणून, आणि पित्तावरून सगळ्यांचे सल्ले ऐकून घेत.

किंमत त्यांनी दुसरीकडे मोजली. पुढच्या थंडीत लढाया सुरू झाल्या तेव्हा कुणीतरी पुन्हा गुलालाचं नाव काढलं. सेनापतीच खोटं बोलतो तर दुसऱ्याचा काय भरवसा, हे बोलणं हसत हसत झालं, पण झालं. वामनराव नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी स्वतः बाणांना गुलाल लावून दिला. माणसं आता एकमेकांच्या शर्टावरचे डाग शोधायला लागली, झटकायला लागली, डाग आजचा की मागच्या रविवारचा यावर भांडायला लागली. ‘लागलं’ म्हणायचं हळूहळू बंदच झालं. तो हिवाळा कसाबसा निघाला. मग कालव्याचं काम निघालं, पाईप ट्रकांवर चढले, आणि खेळ संपला. मोठे साडू गेले त्या दिवशी वामनराव यार्डाच्या फाटकाशी उभे होते, असं चौकीदार सांगत होता. मला त्यांची तेव्हा फार दया आली, आणि रागही आला, की एवढं कुणासाठी कुणी करू नये.

ऑफिसातली थट्टा मात्र संपली नाही. पुढची सगळी वर्षं वामनरावांच्या कुठल्याही नकाशावर नवी पोरं विचारायची, साहेब, ही रेघ खरी आहे ना? ते पेन्सिल कानावर ठेवून हसायचे.

ते रिटायर झाले तेव्हा ऑफिसच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. समोसा, चिवडा आणि संत्राबर्फी. गळ्यात हार घालून त्यांना स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत बसवलं होतं. प्रत्येक बोलणाऱ्यानं त्या न लागलेल्या बाणाचा किस्सा सांगितला आणि प्रत्येक वेळी हॉल हसला. शांताबाई पुढच्या रांगेत पदराशी चाळा करत होत्या. वामनराव सगळ्यात मोठ्यानं हसत होते.

मग देशकर उठले. त्यांचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. हातात खाण्याची ताटली तशीच होती. वामनरावांनी खुर्चीतूनच मान हलवली, नाही, नाही. देशकरांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

“तो बाण मला लागला होता,” ते म्हणाले. “मला महारोग झाला होता. हात बधिर होता, म्हणून कळलं नाही. वामनचा बाण लागला नसता तर आज माझी बोटं राहिली नसती. माझ्या मुलीचं लग्न मोडू नये म्हणून हा खोटं बोलला. आता सुलभाची मुलं शाळेत जातात. हा घरी चालला आहे, आणि तुम्ही हसून राहिले. मला सहन नाही होऊन राहिलं.”

ते खाली बसले. देशकरांच्या शेजारी बसलेल्या माणसानं आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. मुद्दाम घेतली नसावी, पण ती सरकल्याचा आवाज झाला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. देशकरांनीही ऐकला.

वामनराव उठले. हारासकट खाली आले, देशकरांपुढे उभे राहिले आणि काहून सांगितलं म्हणून त्यांच्यावर डाफरले. मग वाकून त्यांच्या ताटलीतली अर्धी खाल्लेली बर्फी उचलली आणि तोंडात टाकली. ती माझी उष्टी आहे, असं देशकर म्हणाले. वामनरावांनी भरल्या तोंडानं मान हलवली आणि त्यांच्या हातातली ताटलीच काढून घेतली. शेजारच्या खुर्चीतल्या माणसासमोर धरली. तो माणूस क्षणभर थांबला, आणि त्यानं चिवड्याची चिमूट उचलली. मग त्यांनी ती माझ्यासमोर धरली, मी चिवडा घेतला. शांताबाईंनी घेतला. एकाला नेमका उपवास आठवला, दोघं पाणी प्यायला बाहेर गेले. वामनरावांनी त्यांना जाऊ दिलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

वामनराव म्हटलं की मला तेच दिसतात. डोळे वाहताहेत, गळ्यातला झेंडूचा हार एका बाजूला घसरलाय, आणि मित्राची उष्टी ताटली दोन्ही हातांत धरून ते रांगेरांगेतून फिरताहेत, घरच्या लग्नात फिरावं तसे, एकेकासमोर थांबून म्हणताहेत, “घ्या ना गा. थोडं घ्या.”